चित्रकलेचा तास कोणाच्या वाट्याला?

शालेय कलाशिक्षणातील विषमतेवरचा संशोधन आराखडा तपासताना आधी पाहायचे ते विषमता कशाने मोजली आहे. महाराष्ट्रात 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येऊ लागला आणि कलेला मानाचे स्थान मिळाल्याची चर्चा झाली. पण वेळापत्रकातला तास आणि प्रत्यक्षात झालेला तास एक नसतात. पोर्शन मागे पडला की पहिला बळी चित्रकलेचाच जातो. झालेले तास न मोजणारा आराखडा तिथेच कच्चा ठरतो.

दुसरी कसोटी शाळांच्या निवडीची. शिक्षण हक्क कायदा, 2009 सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद करतो, पण पट शंभरावर असेल तरच. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरील लहान शाळा कायद्यानेच त्याबाहेर राहतात. त्यामुळे 'शहरी' आणि 'ग्रामीण' एवढी विभागणी पुरत नाही. पटानुसार गट पाडायलाच हवेत.

सर्वात मोठी चूक मोजपट्टीत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या श्रेणी सहज मिळतात, म्हणून त्यांनाच कलाशिक्षणाचे माप मानले जाते. या परीक्षांना बसतात ती ज्यांच्या शाळेत कलाशिक्षक आहे किंवा खासगी क्लासची फी परवडते, अशीच मुले बहुतेक. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात, म्हणजे विषमता गुणपत्रिकेपर्यंत पोहोचते. उलट, कोल्हापुरात बापट कॅम्पच्या कुंभारवाड्यात गणपतीच्या मूर्तीवर हात बसलेला मुलगा या मापात शून्य ठरू शकतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांत मातीकामाला जागाच नाही. कोल्हापूरचेच चित्रपटकार बाबूराव पेंटर यांची चित्रकला आणि शिल्पकला शाळेत नव्हे, वडिलांच्या हाताखाली घडली. ज्या गावाचा असा वारसा, तिथे घरच्या कारागिरीची नोंद न घेणारी प्रश्नावली स्वीकारू नये.

'कलेमुळे गुण वाढतात' असा दावा आराखड्यात असेल, तर तुलनेची रीत तपासावी. कलेसाठी पैसे मोजणारे पालक अभ्यासाच्या शिकवणीलाही मोजतात. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये 42 शाळांत चिठ्ठ्या टाकून काहींना वाढीव कलाकार्यक्रम दिले गेले. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे वजन या निवडीमुळे आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एवढे झेपणार नाही, पण 'परिणाम' हा शब्द गाळून 'संबंध' म्हणणे नक्कीच झेपेल.

शेवटी संशोधनाचे वेळापत्रक. ऊसतोड मजुरांची मुले दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामाबरोबर कोल्हापूर जिल्ह्यात येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जून-जुलैत हजेरीपटावरून नमुना निवडला, तर ती संशोधनात येतच नाहीत. त्यांना धरायचे असेल तर क्षेत्रभेटी जानेवारीत आणि फडाजवळच्या कोप्यांवर व्हायला हव्यात. आराखड्यातील प्रवासखर्चाचा रकाना तसा भरलेला आहे का, हेही तपासावे.