दणक्यांची वही

सोनपेठ तालुक्यात गाडी चालवणाऱ्याला सस्पेन्शन म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर अंथरलेलं डांबरही तिच्यासोबत खालीवर होतं. त्यात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं कारखान्याकडं लागतात. परळीकडं निघा नाहीतर गंगाखेडकडं, डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कुठलं गाव मागं पडलं ते बुडाखालच्या दणक्यावरून सांगता येतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या पुढच्या शॉकपनं तेल सोडलं. (शॉक अब्सॉर्बर हा शब्द आमच्याकडं गॅरेजच्या पाटीवरसुद्धा कुणी पुरता लिहीत नाही.) मिस्त्रींनी पुढचा ब्रेक धरला, हँडलवर भार टाकून गाडी दोन-तीनदा खाली दाबली आणि विचारलं, "कवा उडूलाली? खड्ड्यात जाताना का निघताना?"

मला उत्तर देता आलं नाही. दणका बसतो एवढंच ठाऊक होतं. आत जाताना बसतो की बाहेर येताना, याकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. मी मोटारसायकलच्या शर्यती बघणारा माणूस, म्हणून तो प्रश्न डोक्यात राहिला. जगातल्या सर्वांत वेगवान मोटारसायकलींच्या शेजारी उभा असलेला सस्पेन्शनचा कारागीर स्वाराला पहिल्यांदा नेमकं हेच विचारतो.

त्यामागचं यंत्र फार अवघड नाही. स्प्रिंग दणका गिळते आणि लगेच परत फेकते. तिला एकटीला सोडलं तर गाडी खाटेवर उड्या मारणाऱ्या पोरासारखी उसळत राहील. तिला आवरायचं काम तेल करतं. नळीच्या आत एक पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं असतात आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. दणका बसला की तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं, आणि त्या ओढाताणीत दणक्याचा जोर उष्णता होऊन जातो. शॉकप दबताना तेलाला किती अडवायचं हा एक हिशेब, सुटताना किती अडवायचं हा दुसरा. म्हणूनच जाताना का निघताना, हा प्रश्न. आपल्या स्प्लेंडरला मागच्या शॉकपवर स्प्रिंग आवळायच्या पाच खाचा असतात. मागं बायको, मध्ये पोरगं आणि टाकीवर खताची गोणी असेल तर खाच वाढवायची. बहुतेकांच्या गाडीची खाच शोरूममधून आली त्याच ठिकाणी गंजलेली असते, ही गोष्ट वेगळी.

शर्यतीच्या गाडीत हेच सगळं असतं, फक्त प्रत्येक गोष्ट बदलता येते आणि प्रत्येक बदल लिहून ठेवला जातो. कारागीर नळीवरचा स्क्रू आधी पूर्ण बंद करतो आणि मग उलटा फिरवत खटके मोजतो. बारा खटके, चौदा खटके. बऱ्याच फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकपच्या नळ्यांत, तेलाची पातळीसुद्धा मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण तेलाच्या वर कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखीच वागते. पाच-दहा मिलिमीटरचा फरक पडला तर स्वार परत येऊन तक्रार करतो. मातीतल्या शर्यतीच्या गाडीच्या मागच्या चाकाला सुमारे तीनशे मिलिमीटरची हालचाल मिळते. स्वार पूर्ण पोशाखात गाडीवर बसला की त्यातली शंभराच्या आसपास खर्च झाली पाहिजे. एक जण गाडी धरतो, एक जण टेप लावतो, तिसरा आकडा लिहितो. फोर्कच्या नळीला वायरी बांधायचा प्लास्टिकचा साधा टाय अडकवलेला असतो. फेरी संपल्यावर तो जिथपर्यंत सरकलेला दिसेल तिथपर्यंत शॉकप दबलं होतं. लाखो रुपयांच्या यंत्राची साक्ष देणारा तो टाय दोन रुपयांचा असतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शॉकप आरामासाठी आहे. शर्यतीत आरामाशी कुणाला देणंघेणं नसतं. चाक जमिनीला चिकटून राहावं एवढीच अपेक्षा, कारण हवेत गेलेलं चाक ना ब्रेक घेतं ना वळण. आमच्या भागातल्या शंकरपटाच्या छकड्याला स्प्रिंगच नसते, तिथं हाकणाऱ्याचे गुडघे ते काम करतात. मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या शर्यतीचा, स्वारही उभाच असतो. शॉकपचं काम जिथं संपतं तिथून त्याचे गुडघे सुरू होतात.

या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं नाव स्वीडनचं. केंथ ओलिन हा स्वतः मोटोक्रॉस खेळणारा माणूस. त्यानं १९७६ मध्ये ओलिन्स ही कंपनी काढली आणि दोनच वर्षांत, १९७८ मध्ये, गेन्नादी मोइसेयेव या रशियन स्वारानं त्याचं शॉकप लावलेल्या केटीएमवर २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. तेव्हापासून नुसतं शॉकप विकून या कंपनीचं भागत नाही, त्यासोबत माणूसही द्यावा लागतो. मोटोजीपी या डांबरी ट्रॅकवरच्या सर्वांत मोठ्या शर्यतमालिकेत संघांच्या गॅरेजमध्ये शॉकपच्या कंपनीचे कारागीर हंगामभर असतात. पगार कंपनीचा, पण काम संघासाठी. २०२३ च्या हंगामातल्या बावीस नियमित स्वारांपैकी अठरा जण ओलिन्सवर होते आणि केटीएमच्या गोटातले चौघे डब्ल्यूपी या दुसऱ्या कंपनीच्या शॉकपवर. म्हणजे पहिल्या नंबरासाठी भांडणाऱ्या दोघांची शॉकप एकाच कारखान्यातली, आणि ती जुळवणारे दोन कारागीर एकमेकांचे सहकारी. शेजारच्या गॅरेजमधल्या वहीत आज काय लिहिलं गेलं ते मात्र बोलायचं नाही. दोन भावकींच्या भांडणात दोन्ही घरी जेवायला जाणाऱ्या माणसाला ही कसरत बरोबर समजेल. मला स्वतःला या कामातलं हेच सगळ्यात अवघड वाटतं. स्क्रू कुणीही फिरवायला शिकेल.

२०२३ चा तो हंगाम मार्चमध्ये पोर्तुगालात सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये स्पेनमध्ये संपला. वीस फेऱ्या. त्यातली तेरावी आपल्याकडं, २२ ते २४ सप्टेंबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली. बाकी बहुतेक ट्रॅकची मागच्या वर्षांची पानं कारागिरांच्या हाताशी होती: कुठल्या वळणाला पुढचं चाक दबतं, कुठं मागचं सरकतं. बुद्धचं पान कोरं होतं. मोटोजीपी तिथं कधी धावलीच नव्हती. शुक्रवारच्या सरावातच काय ते शिकायचं, कारण त्याच वर्षीपासून शनिवारीही छोटी शर्यत सुरू झाली होती. वर उकाडा असा, की रविवारची शर्यत ट्रॅकच्या चोवीस चकरांवरून एकवीसवर आणली. तेल तापलं की पातळ होतं आणि पातळ तेल भोकांतून सहज निसटतं. सकाळी बसवलेले खटके दुपारी तेच काम करतील याची खात्री नसते. शर्यत इटलीच्या मार्को बेत्सेकीनं मोठ्या फरकानं जिंकली. दुसरा आलेला होर्हे मार्तिन उन्हानं इतका गळून गेला, की गाडीवरून उतरल्यावर त्याला धड उभंही राहवेना. पुढच्या रविवारी सगळे जपानमध्ये होते. मधल्या दिवसांत शॉकप उघडायचं, धुवायचं, सील आणि तेल बदलायचं आणि पुन्हा भरायचं.

मोटोजीपीत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आपोआप बदलणारं सस्पेन्शन चालत नाही. रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांना ते मिळतं, पण जगातल्या सर्वांत वेगवान गाडीला अजून माणसाच्या हातानंच खटके द्यावे लागतात. सेन्सर आहेत, आलेख आहेत, संगणकही आहेत. तरीही स्वार हेल्मेट काढून जे बोलतो ते पहिल्यांदा ऐकलं जातं. तो क्वचितच मिलिमीटरमध्ये बोलतो. "पुढून ढकलते", "मागून उचलते", "वळणात तरंगते", असलंच काहीतरी सांगतो. त्या शब्दांचे खटके करायचे, हाच या माणसांचा खरा धंदा. स्वार चुकीचंही बोलतो. मागचं चाक उचलतंय म्हणून तक्रार असते आणि दोष पुढच्या फोर्कमध्ये सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्यासाठीच आहे. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून द्यायलाही जागा नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे डोंगर रचून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सहा संघ होते आणि त्यात एक कोल्हापूरच्या मोहितेंचा. सुपरक्रॉसमध्ये गाडी घरांच्या छपरावरून टाकावी तशी उंचावरून पडते आणि लगेच एकामागोमाग एक टेंगळांच्या ओळीत शिरते. मोकळ्या रानातल्या मोटोक्रॉससाठी जुळवलेलं शॉकप तिथं पार बसतं, म्हणून सुपरक्रॉससाठी चकत्यांची चळतच बदलून ते कडक करतात. टेंगळांच्या त्या ओळी बघून मला आमचा ऊस वाहणारा रस्ता आठवला. फरक एवढाच, की तिथली टेंगळं मुद्दाम मोजून घातलेली होती.

शॉकपचा कारखाना तर आमच्या मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरची एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज १९८५ पासूनची. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ती वाढली, आणि केटीएमच्या घरातल्या त्याच डब्ल्यूपीशी तांत्रिक करार करून उलटे फोर्क बनवू लागली. त्याआधी १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली होती, तिचे कारखाने नंतर नाशिक आणि चाकणलाही निघाले. ओलिन्सही २०२५ पासून ब्रेम्बोच्या मालकीची आहे, आणि ब्रेम्बोचा ब्रेकचा कारखाना चाकणला आहे. शॉकप बनवणारे हात आपल्याकडं भरपूर आहेत. शर्यतीच्या गॅरेजमध्ये वही घेऊन उभे राहणारे मात्र अजून बोटांवर मोजण्याइतके. आयटीआयमध्ये मेकॅनिकचा कोर्स केलेल्या पोराला या वाटेची चाहूलही नसते.

आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी सील बदललं, दोन्ही नळ्या पुसल्या आणि तेल ओतलं. डाव्या नळीत अंदाजानं आणि उजवीत त्या अंदाजाच्या अंदाजानं. गाडी चांगली झाली, पण महिनाभरानं पुढून थोडी एका अंगाला ओढतेय असं वाटायला लागलं. पुन्हा गेलो तेव्हा मीच मेडिकलमधून औषध मोजायची प्लास्टिकची मापाची नळी नेली. मिस्त्री हसले, पण त्यांनी मोजून, दोन्हीकडं सारखंच तेल भरलं.

तुमच्याही गाडीचं सील गेलं तर मिस्त्रींना तेवढं सांगा: कंपनीनं दिलेल्या मापानं तेल घाला, दोन्ही पायांत सारखं, आणि बदलल्याची तारीख गाडीच्या कागदांवर लिहून ठेवा.