पूर ओसरल्यावर दारात येणारी माणसं

जुलै २०२२मध्ये इरई आणि वर्धा फुगल्या, तेव्हा चंद्रपुरात रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरलं. त्याच महिन्यात गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुक्यातली गावं आणि शेतं बुडवली. त्याआधी ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला मोठा पूर आला होता आणि ब्रह्मपुरी, वडसा भागातले लोक बेघर झाले होते. भामरागडला तर पर्लकोटा नदी पुलावर चढली नाही, असा पावसाळा क्वचितच जातो.

पाणी उतरलं की दारात माणसं येऊ लागतात. तलाठी पंचनाम्याला येतो. विम्याचा एजंट फोन करतो. कंपनीने नेमलेला सर्वेक्षक येतो. सर्वेक्षक म्हणजे नुकसान पाहून त्याची रक्कम ठरवणारा परवानाधारक माणूस. मिस्त्री येतो, इलेक्ट्रिशियन येतो, आणि ‘क्लेम मी काढून देतो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणणाराही येतो. यातले बरेच जण मनापासून मदत करायला आलेले असतात. तरीही प्रत्येकाच्या बाबतीत आपण मनाशी दोन प्रश्न विचारावेत: हा कोणाचं काम करतो आहे? आणि याचे पैसे कोण देणार आहे?

सुरुवात पुराच्या कितीतरी आधी, पॉलिसी घेताना होते. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. प्रमाणित म्हणजे कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. तिच्यात आग, वादळ, पूर, पाणी तुंबणे हे सगळं येतं. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतकं संरक्षण घरातल्या सामानाला आपोआप मिळतं. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. जागेची किंमत तिच्यात धरायची नसते, कारण जमीन पुरात वाहून गेली असं विम्याच्या हिशेबात होत नाही.

इथेच पहिली चूक होते. अर्जात बांधकामाचा प्रकार लिहायचा असतो. भिंत विटांची की बांबूच्या तट्ट्याची, छप्पर स्लॅबचं, कवेलूचं की गवताचं, हे जसं आहे तसं लिहायला हवं. गवत, बांबू, ताडपत्री यांचं बांधकाम विम्याच्या भाषेत ‘कच्चं’ धरलं जातं. हप्ता थोडा कमी बसावा म्हणून एजंटने परस्पर ‘पक्कं’ लिहिलं, तर आज दोघंही खूश असतात आणि दाव्याच्या वेळी एकटे आपण अडकतो. विमा हा पूर्ण खरेपणाचा करार मानला जातो: ज्या गोष्टीमुळे कंपनीचा निर्णय बदलू शकतो, ती दोन्ही बाजूंनी उघड सांगायची. अर्ज एजंटने भरला तरी खाली सही आपली असते. म्हणून भरलेला अर्ज वाचूनच सही करावी.

एजंटने स्वतःच्या कमिशनमधला वाटा आपल्याला देऊ केला, तर तो घेऊ नये. विमा कायदा १९३८च्या कलम ४१ने अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही मना केलं आहे आणि त्याला १० लाखांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४व्हीबीप्रमाणे हप्ता पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पाणी अंगणात आल्यावर ‘मागची तारीख टाकून देतो’ म्हणणारा माणूस आपल्याला फसवणुकीत भागीदार करून घेत असतो.

गृहकर्ज असेल तर घरी शोधाशोध करावी. कर्जासोबत बँकेने बऱ्याचदा विमा उतरवलेला असतो आणि त्याचा कागद फाइलमध्ये पडून राहतो. अशा पॉलिसीत बँकेचंही नाव असतं, त्यामुळे भरपाई आधी कर्जखात्याकडे जाऊ शकते, हे ठाऊक असलेलं बरं.

पूर आल्यावर जीव आणि जनावरं आधी. पाणी उतरलं की घरात पाय ठेवण्यापूर्वी मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करावा आणि मग साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढावेत. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, फ्रिज आणि कुलरवरची कंपनीची पट्टी, भिजलेली धान्याची पोती. कंपनीला फोन किंवा संदेश त्याच दिवशी करावा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्यावा. रस्ते बंद पडून, मोबाइलची रेंज जाऊन उशीर झाला, तर उशिराचं कारण लेखी द्यावं. खऱ्या कारणाने झालेल्या उशिरासाठी खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या निकालात सांगितलं आहे. तो खटला ट्रकचोरीचा होता, पण तत्त्व भामरागडच्या तुटलेल्या रस्त्यालाही लागू पडतं.

सडलेलं धान्य आणि गाद्या घरात ठेवून रोगराई ओढवून घेऊ नये. फोटो काढून, मोजून, यादी करून त्या टाकता येतात. यंत्रं, दारं, फर्निचर मात्र सर्वेक्षक येईपर्यंत बाजूला ठेवावं.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि सर्वेक्षकाचा अहवाल विम्यासाठी. एका कागदाने दुसऱ्याचं काम भागत नाही. पण दोन्हीकडे माहिती एकच हवी. पंचनाम्यात ‘एका खोलीत दोन फूट पाणी’ आणि दाव्यात ‘चार खोल्यांत पाच फूट’ असं आलं, तर खरं नुकसानही संशयात सापडतं.

आता सर्वेक्षक. त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून इथे थोडं थांबू. त्याची फी विमा कंपनी देते, त्यामुळे लोक त्याला कंपनीचा माणूस समजतात आणि चहापाण्यासोबत पाकीट पुढे करण्याचा विचार करतात. पण त्याचा परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे आयआरडीएआयचा असतो, आणि २०१५च्या नियमांतल्या आचारसंहितेने तो बांधलेला असतो. जिथे त्याचा किंवा त्याच्या नात्यातल्या कोणाचा आर्थिक संबंध आहे, तिथे तो संबंध त्याने आधीच उघड सांगायचा असतो. कामातून कळलेली आपली खासगी माहिती त्याने बाहेर सांगायची नसते. नुकसान कमी दाखवणं हे त्याचं काम नाही आणि वाढवून दाखवणंही नाही. ‘माझ्या ओळखीच्या ठेकेदाराकडूनच काम करा’ असं तो म्हणाला, तर तिथे आपण सावध व्हायला हवं: जो मोजतो त्याचा दुरुस्तीच्या बिलात वाटा नको.

तो आला की परवाना नंबर विचारावा, लिहून घ्यावा. सभ्य सर्वेक्षकाला याचा राग येत नाही. त्याच्यासोबत प्रत्येक खोलीत फिरावं, यादी दाखवावी, आणि त्याला हव्या असलेल्या कागदांची यादी त्याच्याकडून लेखी घ्यावी. जून २०२४च्या आयआरडीएआय परिपत्रकाप्रमाणे दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यावा. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलं. त्याच वर्षीच्या व्यंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात, मनासारखा अहवाल येईपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्वेक्षक नेमू नयेत, हेही स्पष्ट केलं.

नुकसानीचं कारण लिहिताना मोह सर्वात जास्त होतो. पुराचं पाणी घरात शिरणं पॉलिसीत येतं, पण नदीने काठ खाऊन भिंत ढासळणं, म्हणजे नदीची धूप, येत नाही. जमीन खचणं येतं, पण उत्खननामुळे खचली असेल तर येत नाही. चंद्रपूरकरांना हा फरक पुस्तकी वाटू नये. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीच्या पोटात गेलं आणि जुन्या भूमिगत कोळसा खाणींचा प्रश्न साऱ्या गावापुढे उभा राहिला. अशा ठिकाणी ‘कारण पूर असंच लिहून टाका’ हा सल्ला मायेपोटीही दिला जातो. तो घेऊ नये. कारण खाणीचं असेल तर दाद मागायची जागा विमा कंपनी नसून खाण आणि प्रशासन आहे. खोटं कारण लिहिलं की तो रस्ताही आपणच बंद करतो.

दुकानदारांनी एक हिशेब समजून घ्यावा. दुकानात माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, तर २ लाखांचं नुकसान झाल्यावर साधारण १ लाखच मिळतात, कारण अर्धी जोखीम आपण स्वतःकडे ठेवलेली असते. याला अपुरा विमा म्हणतात. छोट्या उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ आहे. अपुऱ्या विम्यामुळे होणारी कपात भरून काढायला मग जादा मालाची बिलं जोडली जातात. एक खोटं बिल सापडलं, तर पॉलिसीच्या अटीनुसार सगळा दावा जाऊ शकतो, खऱ्या नुकसानीसकट. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली दाखल होतो तो वेगळाच.

यानंतर दुरुस्ती. मोठ्या शहरांत पूरग्रस्त घरं सावरून देणाऱ्या कंपन्या असतात. आपल्याकडे हे काम ठिय्यावरचे मजूर, गावचा मिस्त्री, इलेक्ट्रिशियन आणि मोटर रिवाइंडिंगवाला मिळून करतात. त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी सर्वेक्षकासारखा परवाना नाही, आचारसंहिता नाही. म्हणून इथली नीतिमत्ता सगळी त्यांच्या आणि आपल्या शब्दावर उभी असते.

चांगला मिस्त्री आधी वाळवायला सांगतो. पुराचं पाणी गटाराचंही असतं. गाळ काढून, भिंती धुऊन, दारं-खिडक्या उघड्या ठेवून कित्येक दिवस, जाड भिंत असेल तर कित्येक आठवडे थांबावं लागतं. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी आणि रंग मारला, तर काही महिन्यांत लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात. बिल मात्र तोवर चुकतं झालेलं असतं. ‘साहेब, आठवड्यात चकाचक करून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अजून भिंत ओली आहे’ म्हणणारा आपल्या हिताचा.

वायरिंगचंही तसंच. पाण्याखाली गेलेले एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारे स्विच, नुसते पुसून परत बसवू नयेत. ते बदलायचे असतात. उलट कुलरची किंवा पंपाची मोटर वाळवून, रिवाइंडिंग करून बऱ्याचदा चालते. ती सरसकट बाद ठरवणाऱ्याला कारण विचारावं.

आणि सागवान. या भागात जुन्या घरांच्या चौकटी, तुळया, दारं अस्सल सागाची आहेत. भिजून फुगलेलं सागाचं दार सावलीत वाळलं की बरंचसं जागेवर येतं. प्लायवुडचे थर सुटले की ते गेलंच. ‘खराब झालं, काढून टाकतो’ म्हणून सागाची चौकट उचलून नेणारा तिची किंमत ओळखून असतो. विम्यात याला मोडीची किंमत म्हणतात: नुकसान झालेल्या वस्तूचं जे उरतं त्याचं मोल. कंपनी ती भरपाईतून वजा करू शकते. म्हणजे चौकट ठेकेदाराने नेली आणि वजावट आपल्या पदरी आली, असं घडतं. काय काढलं, ते कुठे गेलं, हे कागदावर असू द्यावं.

अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून घ्यावं, त्यात लांबी-रुंदी, सामान आणि मजुरी वेगवेगळी मांडलेली असावी. ‘विमा कंपनी देणार आहे, थोडं वाढवून लिहू’ असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं. कोऱ्या कागदावर, कोऱ्या बिलावर सही नको. दाव्याच्या रकमेतले अमुक टक्के मागणाऱ्या मध्यस्थाला दाव्याचे हक्कही लिहून देऊ नयेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घरमालक दुरुस्ती ठेकेदारांना असे हक्क लिहून देत असत. फुगवलेली बिलं आणि खटले इतके वाढले, की १ जानेवारी २०२३पासूनच्या मालमत्ता पॉलिसींसाठी ही पद्धतच तिथे बंद करावी लागली. श्रीमंत देशात कायदा करून जे आवरावं लागलं, ते आपल्याकडे एका सहीवर अवलंबून आहे.

पैसे देताना कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर सही मागते. रक्कम मान्य नसेल तर तसं लेखी कळवावं. अशी सही केली म्हणून ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क संपत नाही, असं आयआरडीएआयने सप्टेंबर २०१५च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपाल म्हणजे विमा तक्रारी मोफत ऐकणारा स्वतंत्र अधिकारी. चंद्रपूर आणि आसपासचे आपले जिल्हे पुण्याच्या कार्यालयाखाली येतात आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नकार मिळाल्यापासून वर्षभरात तक्रार करायची असते. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. त्यासाठी मुदत दोन वर्षं आहे आणि वकील लावायलाच हवा असं नाही. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

येत्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी पॉलिसीचा कागद काढा, बांधकामाचा रकाना वाचा, घराचे आणि सामानाचे फोटो काढून गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. शेजारी एकट्या म्हातारीचं घर असेल तर तिचा कागदही वाचून द्या, आणि तिच्या दारात सर्वेक्षक किंवा ठेकेदार येईल त्या दिवशी तिच्याजवळ बसा.