पलंगाखाली सहाशे झुरळं

हे वाचताना पोहे खात असाल, तर आधी ते संपवा. मी थांबते.

झाले? तर गोष्ट माझ्या वर्गमित्राची. तिघंजण कोथरूडला फ्लॅट शेअर करून राहतात. नोट्स घ्यायला गेले तेव्हा त्याने पलंगाखालून प्लास्टिकचा एक मोठा डबा ओढला, झाकण उघडलं, आतला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उचलला आणि म्हणाला, ‘‘बघ.’’ ट्रेच्या मागे चिकटलेली झुरळं. लहान, मोठी, चपटी, चॉकलेटी. सहाशेच्या आसपास. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. (हे छाप, असं तोच म्हणाला. त्याचं नाव मात्र छापायचं नाही, कारण घरमालक पेपर वाचतात.)

तुम्हालाही प्रश्न पडला असेलच, की का? उत्तर हॉलमधल्या फिश टँकमध्ये आहे. तिथे एक ऑस्कर मासा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, फूटभर वाढणारा आणि भलताच खादाड. तो गोळी खाद्यही खातो, पण जिवंत किडा पडला की त्याची स्वारी खूश! मग स्वयंपाकघरातलीच झुरळं का नाही टाकायची? कारण ती कुठल्या गटारातून आली, कुठलं औषध चाटून आली, याचा पत्ता नसतो. म्हणून स्वतः वाढवलेली.

डब्यातली जात वेगळी आहे. डुबिया रोच, मूळची दक्षिण अमेरिकेतली. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि आपल्या घरात घुसणाऱ्या त्यातल्या जेमतेम तीसेक. बाकीच्या बिचाऱ्या जंगलात पालापाचोळा खाऊन जगतात, पण बदनामी सगळ्यांची. बाय द वे, किचनमधलं ते छोटं ‘जर्मन’ झुरळ जर्मन नाहीच. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा उगम सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये झाला असावा. म्हणजे आपलंच पोरगं, परदेशात नाव काढून आलेलं.

डुबियाला गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही. नराला पूर्ण पंख असतात, पण उडणं यथातथाच. मादीचे पंख नावापुरते. अकरावीच्या बायोलॉजीत झुरळाची अंड्यांची कुपी शिकलो होतो, आठवतंय? डुबियाची मादी ती कुपी पोटातच सांभाळते आणि थेट जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस. जन्मल्या जन्मल्या ती पांढरीशुभ्र असतात आणि काही तासांत रंग धरतात. हे मी नंतर, दुसऱ्या भेटीत पाहिलं. तेव्हा ओरडले नाही, याची नोंद घ्यावी.

पिल्लू मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात. म्हणजे हा झटपट मामला नाही. मित्राने दीड वर्षापूर्वी चाळीस झुरळं घेतली, एका नराला चार माद्या या हिशोबाने, आणि पहिले कित्येक महिने माशाला एकही दिलं नाही. डब्यात तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. नाहीतर प्रजा वाढत नाही. पुण्याच्या थंडीत त्याने डब्याखाली हीट पॅड ठेवलं होतं आणि स्वतः मात्र दोन चादरींत कुडकुडत होता. पाण्याची वाटी ठेवायची नाही, पिल्लं बुडतात. त्याऐवजी गाजर, संत्र्याची फोड. कोरड्या खाण्यात ओट्स. माशाला द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्यांना चांगलंचुंगलं खायला घालायचं, कारण झुरळाच्या पोटात जे असेल तेच माशाच्या पोटात जाणार. ‘‘आमच्या मेसपेक्षा मेन्यू बरा आहे,’’ असं रूममेटचं मत.

सगळ्यात मोठं संकट म्हणजे पेस्ट कंट्रोल. घरमालकांचा माणूस आला, की डबा दोन दिवस दुसऱ्या मित्राकडे पाहुणा. औषधाचा फवारा कीटकाची जात विचारत नाही.

इथपर्यंत मजा होती. मग मित्राला शिंका सुरू झाल्या.

डब्याच्या तळाशी विष्ठेची आणि टाकलेल्या कातीची बारीक भुकटी साचते. दर महिन्याला ती साफ करताना नाक वाहायचं, हातांवर पुरळ यायचं. तो डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, ‘‘घरात झुरळं आहेत का?’’ हा म्हणाला, ‘‘किती ते सांगू का?’’ टेस्टमध्ये झुरळाची ॲलर्जी निघाली. वर्षानुवर्षं झुरळं हाताळणाऱ्यांना हा त्रास होणं नवं नाही, संशोधकांनाही होतो. त्याने मास्क, ग्लव्हज घालून बाल्कनीत साफसफाई चालू ठेवली. मग मे महिन्यात तो घरी गेला.

घर मालवणला. आईने कोळंबीचं सार केलं होतं आणि दोन घासांत त्याचे ओठ सुजले. झुरळ आणि कोळंबी दूरचे नातेवाईक आहेत. दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं. त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्या काहींना दुसऱ्याचाही त्रास होतो. आईला हे समजावून सांगताना डब्याचं बिंग फुटलं. ‘‘मेल्या, झुरळां पाळतंस?’’ यानंतरचं तो सांगत नाही. डॉक्टरांनी दोन्ही बंद केली, कोळंबी आणि झुरळं.

आता सहाशे जिवांचं काय करायचं?

‘‘तळजाईवर सोडून दे ना,’’ मीच म्हणाले. तो एवढा चिडला, की विचारू नका. आणि त्याचं बरोबर होतं. टर्केस्टन रोच नावाची एक जात १९७८मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत सापडली. पुढे तीही प्राण्यांचं खाद्य म्हणून विकली जाऊ लागली आणि आज तिकडच्या शहरांत मोकाट पसरली आहे. फ्लोरिडात तर फुसफुसणारं मादागास्करचं झुरळ पाळायलाही परवाना लागतो. आपल्याकडेही परदेशातून जिवंत कीटक आणायचे तर प्लांट क्वारंटाइनच्या नियमांनुसार परवानगी हवी. म्हणून तुम्हाला हा छंद करावासा वाटलाच, तर ऑनलाइन ऑर्डर मारण्याआधी विक्रेत्याला ‘ही आली कुठून?’ हे विचारा. माझ्या मित्राने विचारलं नव्हतं. तो हे कबूल करतो.

दुसरा पर्याय फ्रीझर. थंडीत कीटक सुस्तावतात आणि मरतात. बहुतेक पाळणारे असंच करतात. रूममेट म्हणाला, ‘‘फ्रीझरमध्ये माझं आइस्क्रीम आहे.’’ पण खरी अडचण आइस्क्रीमची नव्हती. रोज पाच-सहा झुरळं माशाला टाकणाऱ्या माणसाला सगळी एकदम मारणं जमेना. मी म्हटलं, हे लॉजिक कळत नाही. तो म्हणाला, ‘‘मलापण.’’

शेवटी निगडीचा एक मासेवाला छंदी तयार झाला. मित्राने डबा उघडायचाही नव्हता, म्हणून ट्रे मोजून, टेप लावून बांधायचं काम माझ्याकडे आलं. हो, मीच. ग्लव्हज घालून. एक मादी मनगटावरून चालत गेली. तिचे पाय नुसते खरखरीत होते, बाकी काही नाही.

स्कूटरवर मागे बसून डबा मांडीवर घेतला. विद्यापीठ चौकात नेहमीसारखा न संपणारा सिग्नल. आतून वाळक्या पानांसारखा सरसर आवाज येत होता.

‘‘उन्हात धरू नकोस अगं,’’ तो मागे न बघता म्हणाला, ‘‘ओढणीने झाक.’’

मी झाकलं.