थेंब पडला पाहिजे

घरी बांधलेल्या होडीचं धातुकाम म्हटलं की डोळ्यांपुढे मालवण नाहीतर हर्णै येतं. संपादकांनी मात्र मला साताऱ्याला धाडलं, तिथून सांगलीला. इथे समुद्र नाही. आहे तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि कृष्णा नदी. या कामाचा जाणकार बंदरावर नव्हे, तर नदीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या लेथवर सापडतो.

त्याला कारण आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे आधी नांगर झाले, मग पंप. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि डिझेल इंजिनं निघाली. उसाला पाणी चढवणाऱ्या पंपांनी कृष्णाकाठी गावोगाव फिटर तयार केले. साठच्या दशकात कोयनेचं पाणी अडलं, खोऱ्यातली गावं बुडाली, आणि काठावर उरलेल्यांची एसटी म्हणजे लाँच झाली. तापोळा, बामणोली, कांदाटी खोरं इथल्या माणसांचा दवाखाना आणि बाजार पाण्यावरूनच होऊ लागला.

मी अडकलो ते ग्लँडपाशी. इंजिन होडीच्या पोटात, पंखा बाहेर पाण्यात आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तळातून आरपार गेलेला. म्हणजे होडीला मुद्दाम भोक पाडायचं, त्यातून शाफ्ट फिरता ठेवायचा आणि तरी पाणी आत येऊ द्यायचं नाही. तोड पंपातलीच. शाफ्टभोवती ग्लँड दोरीचे तीन-चार वेढे बसवायचे आणि दोन नटांनी मागून दाबायचे.

मी पाहिलेले मिस्त्री दोरी शाफ्टच्याच जाडीच्या सळईवर गुंडाळून तिरकी कापतात. वेढ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळतात. मग इंजिन चालू करून ग्लँडवर तळहात ठेवतात. चटका बसला तर नट सैल करायचे. शाफ्ट फिरताना थेंब पडलाच पाहिजे, असं त्यांचं ठाम म्हणणं, कारण तेच पाणी दोरीला ओलं आणि थंड ठेवतं. थेंब अजिबात नको म्हणून नट करकचून आवळणाऱ्याच्या शाफ्टला दोरी वर्षभरात घळ पाडते.

धातूची निवडही याच हिशेबाने होते. शाफ्ट महाग, आणि तो बदलायला होडी पाण्याबाहेर ओढावी लागते. म्हणून शाफ्ट स्टेनलेसचा, आणि झीज सोसायला तो ज्यात फिरतो तो बुश गनमेटलचा. गनमेटल म्हणजे शंभरात ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. पितळ स्वस्त पडतं, पण त्यातलं जस्त पाण्यात हळूहळू निघून जातं आणि मागे तांबूस, ठिसूळ जाळी उरते. लेथवर पितळेचा कीस पिवळा पडतो, गनमेटलचा तांबूस. मिस्त्री तो आधी उन्हात धरून बघतात.

गोड्या पाण्यात मीठ नसल्याने दोन वेगळ्या धातूंमधलं, एकाने दुसऱ्याला गंजवायचं वैर थंडावतं. म्हणून कड्या, कोयंडे, बोल्ट यांना जस्ताचा गरम मुलामा दिलेलं साधं लोखंड इथे वर्षानुवर्षं चालतं. भोकं मात्र मुलाम्याआधी पाडायची. नंतर पाडली तर गंज तिथूनच सुरू होतो. उलट स्टेनलेसचा बोल्ट ओल्या लाकडात बंद झाला, त्याला हवा मिळेनाशी झाली, की वरून चकचकीत दिसत आत पोखरला जातो.

खरी अडचण माल पारखण्याची. गनमेटलचा ओतीव तुकडा बहुधा भंगारातून येतो. जुन्या व्हॉल्व्हबरोबर पितळ आणि शिसंही मुशीत गेलेलं असतं. नुसत्या रंगावरून कथील किती ते कळत नाही. स्टेनलेसची तर आणखी फसगत. चुंबक चिकटला नाही की माल अस्सल, ही बाजारातली समजूत. पण ३०४ या प्रतीप्रमाणेच २०२ या स्वस्त प्रतीच्या मालालाही चुंबक चिकटत नाही; त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि गंजाला तो लवकर वश होतो.

माल चांगला मिळाला तरी शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आहेत का, हे होडी पाण्यात सोडूनच शेवटचं तपासावं लागतं, कारण जमिनीवर टेकलेल्या होडीचा आकार थोडा बदलतो. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी खाली जातं, होड्या कोरड्या पडतात, दोरी वाळून कडक होते. कृष्णाकाठची पुरासाठी ठेवलेली होडी तर महिनोन् महिने पडून असते आणि एका रात्रीत लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना होडी उलटली, तेव्हा अशा होडीवर किती जीव विसंबून असतात ते साऱ्या जिल्ह्याने पाहिलं.

आता फायबरच्या होडीला मागे टांगायचं इंजिन येतं. त्यात हा ग्लँडच नाही, त्यामुळे तो बसवायला शिकणारी पोरंही कमी. जुन्या लाँच मात्र अजून चालतात, आणि त्यांचे बुश अंदाजानेच निवडले जातात. कराड आणि सांगली दोन्हीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पावसाळ्याआधी लेथवाल्यांनी आणलेला धातूचा तुकडा तिथे नाममात्र पैशांत तपासून मिळाला, तर मिस्त्रींना कीस उन्हात धरून नशिबावर हवाला ठेवावा लागणार नाही.