मैदान एकच, संघ दोन

आज बोलूया फुटबॉलबद्दल. औंधसारख्या गावातल्या छोट्या कॉलेजात मुलांचा संघ असला तर मुलींचाही असावा का, आणि तो परवडेल का, हा आपला विषय.

आपल्या औंधला हा प्रश्न नवा वाटायला नको. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, ते मुलांसाठी आणि मुलींसाठीही. व्यायामाला मुलगा-मुलगी नसतं, हे इथं तेव्हाच ठरलं होतं.

आता खर्चाचं बघू. फुटबॉलचे नियम बायकांना आणि पुरुषांना सारखेच. ११ खेळाडू, ९० मिनिटं, तोच ५ नंबरचा चेंडू, तोच २४ फूट रुंद नि ८ फूट उंच गोल. म्हणजे मुलांसाठी जे मैदान आणि जे खांब आहेत, तेच मुलींना चालतात. वेगळे लागतात ते बूट, नडगीचं रक्षण करणारे पॅड, कपडे आणि सामन्याला जायचं भाडं.

मग अडतं कुठं? वेळेवर. संध्याकाळी मैदान मुलांचं असतं आणि ते रिकामं होईपर्यंत मुलींची एसटी निघून जाते.

ही अडवणूक किती मोठी असते, ते इंग्लंडमध्ये दिसलं. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलला बायकांचा एक सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं बायकांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. खेळावरच बंदी घातली नाही. फक्त मैदान काढून घेतलं. तेवढ्यानं खेळ जवळजवळ ५० वर्षं मागं पडला.

म्हणून आधी मैदानाचे वार वाटून घ्यावेत. तीन दिवस मुलांचे, तीन दिवस मुलींचे, आणि ते फलकावर लिहावेत. मुलींचा सराव शेवटच्या तासाला लागूनच असावा. सुरुवातीला ११ जणी जमल्या नाहीत तरी थांबू नये. नियमानं ७ खेळाडू असले तरी सामना सुरू होतो. पाच-पाच जणींचा सराव तर अर्ध्या मैदानातही होतो.

पुढची वाटही आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवड होते, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते ठरावीक पातळीवर यश मिळवणाऱ्यांनाच मिळतं, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायचं. पण नोकरी मिळाली नाही तरी दम वाढतो, चारचौघांत बोलायची भीड जाते, हे काय कमी आहे?

२०२५ च्या जुलैमध्ये आपल्या देशाच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं आणि आशिया चषकात जागा मिळवली. त्याही कुठल्या तरी गावच्या मैदानावरच पहिल्यांदा पळाल्या असतील.

लेकीच्या कॉलेजात पालकसभेला जाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. मुलींना मैदान कोणत्या वारी, किती वाजता? कपडे बदलायला खोली आहे का? आणि बाहेरगावी सामन्याला सोबत कोणत्या बाई जाणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली, की निम्मा संघ उभा राहिला म्हणून समजा.