आडव्या टाकीतले पाव पाणी

उन्हाळ्यात जिंतूर-गंगाखेडकडच्या एखाद्या गावात पाण्याचा टँकर आलेला तुम्ही पाहिला असेल. त्याची टाकी म्हणजे आडवे निजवलेले पिंपच. समजा, ती दहा हजार लिटरची आहे. झाकणातून काठी सोडली आणि ती टाकीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शापर्यंत भिजली. पाणी किती? "अडीच हजार लिटर," असे तुम्ही झटकन म्हणाल. उभ्या टाकीत ते खरे ठरले असते. आडव्या टाकीचा तळ मात्र अरुंद, म्हणून पाणी भरते १,९५५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर छत्तीस हंड्यांची तूट!

मग पाव टाकीची खूण काठीवर कोठे करावी?

टाकीच्या गोल छेदाची आकृती काढा. पाण्याच्या पातळीच्या दोन्ही टोकांना केंद्राशी जोडणाऱ्या त्रिज्यांमधील कोन अ (रेडियनमध्ये) माना. वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा केला की पाण्याचे क्षेत्रफळ मिळते: त्रिज्येच्या वर्गाचे निम्मे × (अ − साइन अ). हे वर्तुळाच्या पाव हवे, म्हणून

अ − साइन अ = पाय ÷ २

आता अ एकटा काढून पाहा. जमत नाही, तो एकदा मोकळा आहे, एकदा साइनच्या पोटात. ग्रहांच्या गतीचा अभ्यास करताना केप्लरने १६०९ साली मांडलेले समीकरण याच जातीचे आहे. अ = पाय ÷ २ + क्ष असे लिहिले तर रूप फार सोपे होते:

क्ष = कोसाइन क्ष

आलेखकागदावर आरंभबिंदूतून ४५ अंशांची रेषा आणि कोसाइनचा वक्र काढा. दोन्ही ०.७४ च्या आसपास छेदतात. १९८५ साली कॅसिओने आलेख काढणारे गणकयंत्र बाजारात आणले. अशा यंत्राच्या पडद्यावर छेदबिंदूजवळचा भाग मोठा करून आणखी दशांश स्थळे वाचता येतात.

पण साध्या शास्त्रीय गणकयंत्रावरची गंमत मला अधिक आवडते. यंत्र रेडियनवर ठेवा, १ लिहा आणि कोसाइनची कळ दाबत राहा: ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५... एक किंमत उत्तराच्या खाली, पुढची वर. उत्तर नेहमी दोघींच्या मध्ये कोंडलेले, आणि कोंडी दर वेळी आवळत जाते. वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर ०.७३९१ स्थिर होते. (यंत्र चुकून अंशांवर राहिले तर ०.९९९८ येईल. ते आपले उत्तर नव्हे.) न्यूटनच्या रीतीने १ पासून निघालात तर हेच उत्तर दोन पायऱ्यांत मिळते.

म्हणजे अ = २.३०९९. त्यावरून खोली निघते उंचीच्या ०.२९८ पट. दीड मीटर उंच टाकीत खूण ३७.५ नव्हे, ४४.७ सेंटिमीटरवर हवी. टाकीचा छेद लंबवर्तुळाकार असला तरी हे प्रमाण बदलत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पन्नास हजार लिटरच्या एका आडव्या वाघिणीत हीच चूक सुमारे २,७०० लिटरची होईल.

तृतीयांश टाकीची खूण तुम्ही काढा. तेथे अ = २ पाय ÷ ३ + साइन अ हे समीकरण वापरावे लागेल आणि किंमत फार सावकाश स्थिरावेल. आधी आलेखावरून जवळची किंमत घ्या, बोटे कमी दुखतील.