पन्हाळा : मोरोपंतांच्या जन्मगावी

बारामती आणि इंदापूर हा आपला सपाट मुलूख. नीरा-कऱ्हेच्या पाण्यावरचा ऊस, उजनीचा पसरलेला जलाशय आणि एप्रिल-मेमध्ये अंगाची लाही करणारे ऊन. सुटी लागली की मुले म्हणतात, कुठे तरी थंड ठिकाणी जाऊ. महाबळेश्वरचा खर्च सगळ्यांना परवडत नाही. अशा कुटुंबांना मी पन्हाळा सुचवतो. कोल्हापूरपासून अवघ्या वीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच वसलेले हे छोटे गाव. बारामतीहून फलटण, सातारा, कराड असा रस्ता धरला की कोल्हापूर गाठता येते.

बारामतीकरांचे तर पन्हाळ्याशी जुने नाते आहे. ज्यांच्या आर्या आपण शाळेत पाठ केल्या, ते कवी मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले. केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंपाशी तिथेच त्यांचे शिक्षण झाले. पुढे तरुणपणी ते बारामतीला आले. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांनी इथे पुराण सांगितले, हजारो आर्या रचल्या आणि १७९४ मध्ये इथेच देह ठेवला. म्हणजे शिक्षण डोंगरावर झाले आणि त्याचे पीक कऱ्हेकाठी आले.

पन्हाळ्याचे वेगळेपण असे की हा किल्ला ओस पडलेला नाही. तटाच्या आत आजही गाव नांदते. घरे आहेत, शाळा आहे, बाजार आहे, नगरपरिषद आहे. वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजारांची. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याची इथे राजधानी होती. नंतर यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, मोगल, पुन्हा मराठे असे धनी बदलत गेले. महाराणी ताराबाईंच्या काळात हा गड कोल्हापूर राज्याची राजधानी झाला आणि १७८२ पर्यंत राहिला. १८४४ मध्ये इंग्रजांविरुद्ध गडकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा इंग्रजी तोफांनी तटाची मोठी हानी झाली. येणाऱ्या प्रत्येकाने इथे काही ना काही बांधले किंवा पाडले.

गडावर काय पाहावे? पश्चिमेचा तीन दरवाजा आधी पाहा. तिथला फार्सी शिलालेख आदिलशाहीतला आहे आणि त्याच दरवाजाच्या कोरीव तुळईवर गणपतीची छोटी आकृतीही आहे. जवळच अंधारबाव आहे, तीन मजली विहीर. खाली पाणी, वर पहारेकऱ्यांना राहण्याची सोय. वेढा पडला तरी पाणी शत्रूच्या हाती लागू नये, हा त्यातला हिशेब मुलांना जरूर समजावून सांगा. मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. सज्जा कोठीतून खालच्या खोऱ्याचा देखावा दिसतो. सादोबा तळ्याजवळ दर्गा आहे. तिथे दोन्ही समाजांची माणसे येतात. संध्याकाळी तबक उद्यानात गार वारा आणि झुणका-भाकर. मुलांना आणखी काही लागत नाही.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाते. किल्ला आणि बुरूज हे शब्द अरबीतून आले, दरवाजा फार्सीतून. अंबरखान्यातला अंबार म्हणजे फार्सीत साठा. १६७३ मध्ये साठ मावळे घेऊन रात्रीत हा गड स्वराज्यात परत आणणारे कोंडाजी फर्जंद, त्यांच्या नावातला फर्जंद हा शब्दही फार्सीच. आणि गड, तट, बाव हे शब्द आपल्या मातीतले. शब्दांची ही सरमिसळ कोणी ठरवून केलेली नाही. एकत्र राहता राहता ती झाली.

आता एक गोष्ट आईबापांसाठी. सिद्दी जौहरच्या वेढ्याचा धडा सुरू झाला की वर्गातली आमची काही मुले मान खाली घालतात. एका मुलाने तर तास संपल्यावर मला हळूच विचारले, “सर, मग आपण कोणाच्या बाजूने होतो?” हा प्रश्न घरात विचारला गेला तर बरेच आईबाप गप्प बसतात किंवा विषय बदलतात. गप्प बसण्याची गरज नाही. इतिहासात उत्तर आहे, ते पूर्ण सांगा.

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची मदत केली. हा वेढा फोडायला नेताजी पालकर आले, तेव्हा त्यांच्यासोबत शिवाजी महाराजांचे सरदार सिद्दी हिलाल आणि त्यांचा मुलगा वाहवाह होते. वाहवाह लढता लढता जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. जुलैच्या पावसात महाराज गडावरून निसटले. त्यांच्यासाठी शिवा काशीद यांनी आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण दिले. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचले, तेव्हा तिथे आदिलशहाच्या वतीने वेढा घालून बसलेले सरदार होते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी.

म्हणजे एका सिद्दीने वेढा घातला आणि तो फोडण्यासाठी दुसरा सिद्दी लढला. वाट अडवणाऱ्यांत मराठे होते आणि वाट राखणाऱ्यांतही मराठेच. ती राज्याची लढाई होती, निष्ठेची होती. मुलाला एवढे समजले की तो मान वर करून धडा वाचतो. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढे उभा राहून तो वाहवाहचे नावही घेऊ शकतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत पन्हाळा आहे. मान मोठा आहे. पण वारसा जपताना इथे राहणाऱ्यांची घरेही जपली जावीत, एवढीच अपेक्षा. डोंगरावरचे जगणे आधीच कठीण असते. २०२१ च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा गावाने ते सोसलेच. म्हणून भर पावसात लहान मुलांना घेऊन जाऊ नका. हिवाळा उत्तम, उन्हाळाही चालतो. मुक्काम गडावरच करा आणि जेवण, फळे, पाणी तिथल्याच माणसांकडून घ्या. तटावर नावे कोरू नका, कचरा टाकू नका.

निघण्यापूर्वी मुलांना चार प्रश्न लिहून द्या: गंगा कोठीच्या भिंती किती जाड आहेत? अंधारबावेचे पाणी कोणत्या मजल्यावरून दिसते? तीन दरवाजावर कोणकोणत्या लिपी आहेत? वेढ्यात दोन्ही बाजूंनी कोण कोण लढले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना गडावर सापडतील. चौथ्याचे उत्तर तुम्ही द्या.